हँडीकॅमचं एचडी शूटिंग टीव्हीवर: कन्व्हर्ट करायला देण्याआधी हे वाचा

"मुंजीचं शूटिंग आहे, टीव्हीवर दिसत नाही, डीव्हीडी करून द्या." आमच्या काउंटरवर हे वाक्य नेहमीचं आहे. डीव्हीडी करून द्यायचे आम्ही पैसे घेतो, तरी आधी सांगतो की बहुतेकांना तिची गरज नसते. तुमच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचं, साध्या डीव्हीडीचं ७२० बाय ५७६. म्हणजे पाच ठिपक्यांतला एकच उरतो. पैठणीचा काठ कॅमेऱ्याने टिपलेला असतो, डीव्हीडीवर नुसता पिवळा पट्टा दिसतो.

सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली एव्हीसीएचडी नावाची पद्धत आणली. कार्डावर किंवा आतल्या हार्ड डिस्कवर चित्रण करणारे घरगुती एचडी हँडीकॅम बहुतेक हीच पद्धत वापरतात. त्यात चित्र आधीच दाबून बसवलेलं असतं. कन्व्हर्ट करणं म्हणजे ते उलगडून पुन्हा दाबणं, आणि दर वेळी थोडा तपशील कायमचा जातो. शिवाय जुनं शूटिंग बहुधा '१०८० आय' असतं. त्यात एकाआड एक रेघा वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. टीव्हीला त्या नीट जुळवता येतात. फुकटातल्या सॉफ्टवेअरला पुष्कळदा येत नाहीत, आणि मग अक्षता टाकणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दाते फुटतात.

आधी केबल बघा

खोक्यातून आलेली पिवळी-लाल-पांढरी वायर लावून "कॅमेरा खराब झाला" म्हणणारे खूप भेटतात. कॅमेरा ठीक असतो. त्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. एचडीएमआय केबल घ्या. कॅमेऱ्याकडचं तोंड बहुधा छोटं, म्हणजे मिनी एचडीएमआय असतं, काहींत त्याहून बारीक मायक्रो. दोन्ही दिसायला फसवी, म्हणून केबल घ्यायला येताना कॅमेराच घेऊन या. केबल लावा, कॅमेरा चार्जरवर ठेवा (ऐन मंगलाष्टकांत बॅटरी संपते), टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून ज्यात केबल लावली तो एचडीएमआय निवडा आणि कॅमेऱ्यात प्ले करा. झालं. घरच्यांसोबत एकदा बघायचं असेल तर यापलीकडे काही करू नका.

मुलाने अमेरिकेतून पाठवलेला कॅमेरा सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने चित्रण करतो, आपल्याकडचा ५०च्या. हल्लीचे टीव्ही एचडीएमआयवर दोन्ही घेतात. दोन्हींचं मिळून एकच फिल्म करायची असेल तर मात्र आधी बोला, नाहीतर चित्र झटके देतं.

पेनड्राइव्हवरून

कार्डातल्या 'प्रायव्हेट', मग 'एव्हीसीएचडी', 'बीडीएमव्ही', 'स्ट्रीम' अशा फोल्डरांच्या पोटात ०००००.एमटीएस, ००००१.एमटीएस अशा फाइली असतात. त्या पेनड्राइव्हवर कॉपी करून टीव्हीच्या यूएसबीत लावा. पेनड्राइव्ह फॅट-३२ (फाइली साठवायची जुनी मांडणी) असेल तर जुन्या टीव्हीलाही चालतो. ६४ जीबीची कार्डं एक्सफॅट या नव्या मांडणीची असतात, ती पुष्कळ जुने टीव्ही वाचत नाहीत. फॅट-३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, पण लांब चित्रणाचे तुकडे कॅमेराच पाडतो, त्यामुळे बहुधा अडत नाही. तुकडा बदलताना क्षणभर आवाज तुटेल, तेवढं चालवून घ्या.

टीव्हीला फाइल दिसलीच नाही, तर बऱ्याचदा अडचण फक्त डब्याची, म्हणजे फाइलच्या बाहेरच्या वेष्टनाची असते. आतलं चित्र आणि आवाज जसेच्या तसे ठेवून ते एमकेव्ही किंवा एमपी४ या डब्यात घालता येतात. हे कन्व्हर्ट नव्हे: तासाभराच्या शूटिंगला काही मिनिटं लागतात आणि एक ठिपकाही बदलत नाही. कुणाकडेही करून घ्या, फक्त 'री-एन्कोड न करता' (म्हणजे चित्र पुन्हा न दाबता) एवढं बजावून सांगा.

टेपवर असेल तर

मिनीडीव्ही या छोट्या टेपवरच्या एचडीव्ही (टेपवरची एचडी पद्धत) चित्रणाची गोष्ट वेगळी. टेप फिरते तोवर कॅमेऱ्यातूनच टीव्हीवर बघता येतं, पण ते लवकर कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. टेपपेक्षा ती चालवणारे कॅमेरे आधी बंद पडताहेत.

एवढं मात्र करू नका

टीव्ही किंवा कॉम्प्युटर कार्ड फॉरमॅट करायचं का असं विचारेल. 'नाही' म्हणा, आणि कार्ड लगेच बाहेर काढा. जपून ठेवायची प्रत करताना नुसत्या एमटीएस फाइली न घेता सगळ्यात वरचं 'प्रायव्हेट' फोल्डर अख्खं घ्या. तारखा आणि तुकड्यांचा क्रम शेजारच्या छोट्या फाइलींत असतो, आणि त्या निरुपयोगी समजून लोक हमखास उडवतात. प्रत दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिडिओ ही प्रत नव्हे.

तरीही जमलं नाही तर दुकानात येताना कार्ड, कॅमेरा आणि त्याचा चार्जर आणा, आणि टीव्हीच्या पाठीमागच्या मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढून आणा. चार्जर लोक नेहमी विसरतात.