गाठ, सूज आणि कांचनारची साल

पायाला काटा लागून जखम चिघळली की दोन दिवसात जांघेत दुखरी गाठ येते, आपल्याकडे अवधान आलं म्हणतात, आणि घरातलं मोठं माणूस सांगतं जखम बरी झाली की जाईल आपोआप. अगदी बरोबर आहे ते. ती गाठ म्हणजे लसिकाग्रंथी, अशा अंदाजे 500 ते 600 ग्रंथी अंगात असतात, मान, काख, जांघ, पोट इथे जास्त, जखमेतले जंतू पुढे रक्तात जायच्या आधी तिथे अडवले जातात आणि त्या झटापटीत ग्रंथी सुजते.

रक्तातलं पाणी बारीक केशवाहिन्यांमधून सतत बाहेर पाझरतं, त्यातलं जे थेट परत जात नाही, ढोबळमानाने दिवसाला 2-3 लिटर, ते म्हणजे लसिका, ती लसिकावाहिन्या गोळा करतात आणि कॉलरबोनच्या मागे मोठ्या शिरेत सोडतात. या संस्थेला हृदयासारखा पंप नाही, वाहिन्या स्वतः थोड्या आकुंचन पावतात, आत झडपा असतात, बाकीचं काम चालताना पोटऱ्या करतात आणि आपला श्वास करतो.

या वाहिन्या इटलीत गास्पारो असेली यांनी 1622 मध्ये कुत्र्याच्या पोटात बघितल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून आपले वैद्य गंडमाळ (मानेतल्या गाठींची माळ), ग्रंथी म्हणजे गाठ, शोथ म्हणजे सूज असे आजार ओळखत होते. म्हणून आज लसिकेची औषधी म्हणून जे विकलं जातं ते मुळात गाठीचं किंवा सुजेचं औषध आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरच पुढचं नीट कळतं.

गाठीसाठी पहिलं नाव कांचनारचं, म्हणजे आपला कांचन. नाशकात कॉलन्यांमध्ये लावलेला दिसतो, पान आपट्यासारखंच दुभंगलेलं, कारण दोघं एकाच कुळातले, आणि उन्हाळा लागायच्या सुमारास गुलाबी-जांभळी फुलं येतात. औषधात साल वापरतात, चावून बघितली तर तुरट लागते, जीभ आखडते. कांचनार गुग्गुळ या गोळ्यांत ही साल, त्रिफळा, त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी), वायवर्णा या झाडाची साल आणि गुग्गुळ हा डिंक असतो. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर सूज कमी होते असं दिसलंय पण माणसांवरच्या मोठ्या, चांगल्या चाचण्या फार कमी आहेत. थायरॉईडची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर गुग्गुळ घ्यायच्या आधी वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही सांगा.

इथे मला कळकळीने सांगायचंय ते हे, की मानेतली गंडमाळ बऱ्याचदा टीबी असते. गाठ दोन-तीन आठवडे जात नाही, वाढतेय, कडक लागतेय, सोबत ताप, रात्री घाम, वजन कमी होतंय, तर साल उकळत बसू नका, सुईने तपासणी करून घ्या. टीबी निघाला तर सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळतात, साधारण 6 महिन्यांचा कोर्स असतो. लसिकाग्रंथींचा कॅन्सरही असाच सुरू होऊ शकतो.

लसिकेसाठी म्हणून मंजिष्ठाही विकली जाते, ही वेल मुळात रक्तशुद्धीसाठी प्रसिद्ध, काडी मोडली की आत लाल, पाण्यात टाकली की पाणीही लाल, पूर्वी कापड रंगवायचे हिने. घेतल्यावर लघवीला लालसर रंग आला तर त्याने घाबरू नये.

सुजेसाठी पुनर्नवा, म्हणजे घेटुळी, पावसाळ्यात रस्त्याकडेला जमिनीवर पसरते, नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात रानभाज्या बघताना विचारून बघा. ही लघवी वाढवते असं मानतात, पण लसिका तुंबून आलेल्या सुजेत नुसतं पाणी नसतं, प्रोटीन साठलेलं असतं, त्यामुळे लघवी वाढवून ती फारशी उतरत नाही, आणि दोन्ही पाय सुजत असतील तर आधी हृदय, किडनी, लिव्हर बघायला हवं.

वनस्पतीतलं एक द्रव्य मात्र खरंच नीट तपासलं गेलं, कुमारिन, स्वीट क्लोव्हर या गवती झाडात असतं. 1993 मध्ये एका चाचणीत हाताची सूज उतरली असं आलं, सगळ्यांना आशा वाटली, मग 1999 मध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारानंतर हात सुजलेल्या 140 बायकांवर अमेरिकेत चाचणी झाली तर फायदा दिसला नाही, उलट काहींच्या लिव्हरला त्रास झाला. नैसर्गिक आहे म्हणून लिव्हर सोडून देत नाही, गुळवेल घेणाऱ्या काही जणांमध्येही लिव्हरला इजा झाल्याची नोंद 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी केली, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता.

मला सगळ्यात पटलेलं काम केरळात कासारगोडला चालतं, तिथे हत्तीपायाच्या रुग्णांना आयुर्वेदातली औषधं, योगासनं आणि पट्टी बांधणं हे एकत्र देतात, रोज पाय साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्या आणि कातडीच्या घड्या कोरड्या करायच्या, कारण तिथल्याच भेगांमधून जंतू शिरतात आणि प्रत्येक तापाच्या झटक्यानंतर पाय आणखी सुजतो.