सर्वोत्तम उत्तराची निवड

प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांवर एका प्रश्नाला आलेल्या उत्तरांपैकी एकावर पसंतीची खूण करण्याची पद्धत. खूण करण्याचा हक्क बहुधा प्रश्नकर्त्याचा असतो. बाकीचे वाचक मते देतात.

दक्षिण कोरियातील नेव्हर कंपनीची प्रश्नोत्तर-सेवा २००२ मध्ये सुरू झाली. याहू आन्सर्स २००५ च्या डिसेंबरमध्ये आले आणि मे २०२१ मध्ये बंद पडले. तिथे सर्वोत्तम ठरलेल्या उत्तराला १० गुण मिळत, निवड करणाऱ्या प्रश्नकर्त्याला ३. त्याने निवड केलीच नाही, तर कौल मतदानावर जाई.

या पद्धतीचे नियम सर्वांत काटेकोरपणे बांधले ते स्टॅक ओव्हरफ्लोने. प्रोग्रामरांसाठीचे हे संकेतस्थळ जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये सुरू केले. तिथे प्रश्नकर्ता एकाच उत्तरापुढे हिरवी खूण करू शकतो. उत्तर देणाऱ्याला १५ गुण मिळतात, खूण करणाऱ्याला २. प्रश्न टाकल्यावर पहिली १५ मिनिटे खूण करता येत नाही, त्यामुळे घाईने आलेले पहिलेच उत्तर लगेच पदरात पाडून घेता येत नाही. स्वतःच्या प्रश्नाला स्वतःच दिलेले उत्तर दोन दिवसांनी स्वीकारता येते, पण त्याचे गुण मिळत नाहीत. खूण नंतर केव्हाही बदलता येते. प्रश्नकर्त्याच्या वतीने ती दुसरे कोणी, अगदी नियंत्रकही, करू शकत नाही.

हिरव्या खुणेचा अर्थ मर्यादित आहे: या उत्तराने प्रश्नकर्त्याचे काम झाले. ते उत्तर सगळ्यांत बरोबर आहे, असे ती सांगत नाही. प्रश्न विचारणारा त्या विषयात बहुधा नवखाच असतो, म्हणून तर तो विचारतो. तरीही अनेक वर्षे स्वीकारलेले उत्तर सहसा सर्वांच्या वर दिसे, आणि त्याचे परिणाम गंभीर होते. संकेतस्थळे बनवण्याच्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत मायएसक्यूएल डेटाबेस वापरण्यासाठीची जुनी फंक्शने हे याचे ठळक उदाहरण. वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर थेट क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, जोडणारी उत्तरे त्या काळी सर्रास स्वीकारली गेली. अशा कोडमधून परक्या माणसाला डेटाबेसमध्ये हवी ती आज्ञा घुसवता येते. ही फंक्शने पुढे डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली गेली. पण खूण करणारे केव्हाच निघून गेले होते, आणि नवे वाचक खूण पाहून तोच कोड उचलत राहिले. क्वेरी आणि मजकूर वेगळे ठेवण्याची सुरक्षित रीत सांगणारे उत्तर जास्त मते मिळूनही खाली राहू शकत होते.

अखेर २०२१ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने स्वीकारलेले उत्तर वर ठेवणे थांबवले. खूण राहिली, क्रम मतांवर गेला. हा बदल योग्यच होता, आणि तो बराच आधी व्हायला हवा होता. स्वीकारलेल्या उत्तराला १० पेक्षा जास्त मते असताना त्याच्या दुपटीहून अधिक मते मिळवणाऱ्या उत्तरासाठी तिथे पॉप्युलिस्ट नावाचे पदकही आहे.

मराठीतही चालणाऱ्या क्वोरावर प्रश्नकर्त्याला असा हक्क नाही. तिथे उत्तरांचा क्रम वाचकांची पसंती, लेखकाचा त्या विषयातला अधिकार अशा अनेक गोष्टी पाहून संगणक ठरवतो.