‘मुंद?’ : पहिली भेट जमली, हे नेमकं कुणाला कळतं?

टिळकवाडीतल्या एका हॉटेलात माझ्या धाकट्या बहिणीची एका मुलाशी पहिली भेट होती. बघण्याचा कार्यक्रम नव्हे, त्याच्या आधीची पायरी. हल्ली बेळगावात असंच चालतं. बायोडाटा व्हॉट्सॲपवर येतो, पत्रिका बघून होते, आणि पोह्यांचा घाट घालण्याआधी दोघांना ‘एकदा बाहेर कॉफी घेऊन या’ म्हणून धाडतात. आता दोघांना म्हणजे अगदी दोघांनाच नव्हे. दोन टेबलं सोडून मावशी आणि मी इडली-वडा पुढ्यात घेऊन बसलो होतो.

मुलगा गोकाकचा. घर मराठी, पण तीन पिढ्या तिकडंच, त्यामुळं त्याची मराठी घरापुरती आणि तीही अडखळत. आम्ही शहापूरच्या, बहिणीला कन्नड पाण्यासारखं येतं. पाच मिनिटांत दोघं कन्नडवर घसरली. मावशी चंदगडकडची, तिचं कन्नड ‘बर्री’ आणि ‘होग्री’ यापलीकडं जात नाही. तरी वड्याला हात न लावता ती तिकडंच बघत होती.

दीड तासानं भेट संपली. खरं तर संपवावी लागली, कारण मावशीची परतीची एसटी चुकली असती. बाहेर आल्यावर बहिणीचं तोंड उतरलेलं. ‘मीच बडबडले गं. तो नुसता ऐकत होता. कंटाळला असणार.’ रिक्षात चढता चढता मावशीनं निकाल दिला, ‘जमलंय.’

‘तुला काय कळलं त्यातलं?’ मी विचारलं.

‘कळायला भाषा कशाला लागत्या? कॉफीवर साय धरली तरी दोघांचं ध्यान नाही. आणि ते पोरगं सारखं मुंद, मुंद काय म्हणत होतं गं? कुणाचं नाव हाय काय?’

‘मुंद’ म्हणजे ‘पुढं’. ‘मुंद एनातु?’ म्हणजे ‘पुढं काय झालं?’ मावशीला शब्दाचा अर्थ कळला नव्हता, पण तो पुन्हा पुन्हा येतोय हे तिच्या कानानं टिपलं होतं.

एकाच भेटीचे दोन निकाल. मला वाटलं, बहिणीचाच खरा असणार, शेवटी टेबलावर ती बसली होती. पण या विषयावरचं संशोधन वाचत गेले तसतसं मावशीचं पारडं जड होत गेलं.

बर्लिनमध्ये ‘स्पीड डेटिंग’वर एक अभ्यास झाला होता. ओळीनं मांडलेली टेबलं, प्रत्येकाशी तीन मिनिटं गप्पा, वेळ संपली की पुढचं टेबल, आणि कुणाला पुन्हा भेटायला आवडेल ते गुपचूप लिहून द्यायचं. संशोधकांना हा प्रकार फार सोयीचा, कारण ‘आवडला की नाही’ याचं उत्तर लेखी हातात असतं. या भेटींच्या चित्रफिती अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात विद्यार्थ्यांना दाखवल्या. बघणाऱ्यांना जर्मन येत नव्हतं. तरीही कुणाला कुणात रस आहे हे त्यांनी नुसत्या नाणेफेकीपेक्षा बरंच चांगलं ओळखलं. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात दहा सेकंदांचा तुकडासुद्धा पुरत होता, आणि तो भेटीच्या मधला किंवा शेवटचा असला तर अंदाज जास्त बरोबर येत होता. पुरुषांचा कल चटकन कळला, बायकांच्या बाबतीत मात्र बघणाऱ्यांची पुष्कळ फसगत झाली. म्हणजे मावशीनं मुलाबद्दल काढलेला निष्कर्ष जास्त भरवशाचा, बहिणीबद्दलचा कमी. बहिणीला आम्हाला सरळ विचारता येत होतं, ती गोष्ट वेगळी.

मग टेबलावरच्या माणसालाच का कळत नाही? एक कारण स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासात सापडतं. तिथं चार-चार मिनिटांच्या जवळजवळ हजार भेटींचं बोलणं ध्वनिमुद्रित करून संगणकानं चाळलं. भेटीनंतर प्रत्येकाला विचारलं होतं की तुम्ही फ्लर्ट करत होता का, आणि समोरचा करत होता का? समोरच्याबद्दलची उत्तरं समोरच्याच्या मनाशी जुळायला हवी होती. ती जुळली उत्तर देणाऱ्याच्या स्वतःच्याच मनाशी. आपण रंगात आलो की समोरचाही रंगलाय असं वाटतं, आणि आपण आखडलेलो असलो की तोही आखडलेला दिसतो.

दुसरं कारण बहिणीच्या उतरलेल्या तोंडाशी जास्त जवळचं आहे. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक साधी गोष्ट तपासली. दोन अनोळखी माणसं थोडा वेळ गप्पा मारतात. नंतर दोघांना वेगवेगळं विचारायचं, तुम्हाला तो किती आवडला, आणि त्याला तुम्ही किती आवडला असाल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सतत कमी येत राहिलं. समोरच्याला आपण वाटतो त्यापेक्षा जास्त आवडलेलो असतो. या फरकाला आपण आवडीची दरी म्हणू. येल विद्यापीठाच्या वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांमध्ये ही दरी कित्येक महिने टिकली. भेट संपल्यावर आपण आपलंच बोलणं पुन्हा पुन्हा उकरत बसतो. तो विनोद फसला, ते वाक्य जरा जास्तच झालं, आईचं मध्येच कशाला काढलं. समोरच्याला यातलं काही दिसत नाही. तो आपल्याच फसलेल्या विनोदाचा हिशेब करत असतो. बहीण रिक्षात ‘मी फार बोलले’ म्हणून कुढत होती, तेव्हा गोकाकच्या बसमध्ये तो मुलगा ‘मी काहीच बोललो नाही’ म्हणून कुढत असणार, यावर मी पैज लावायला तयार होते.

यात भर म्हणजे आपण रस ओळखण्यात मुळातच कच्चे आहोत. कॅन्सस विद्यापीठातल्या एका प्रयोगात अनोळखी मुलगा-मुलगी दहा-बारा मिनिटं बोलले. समोरचा खरोखर फ्लर्ट करत असताना ते ३६ टक्के पुरुषांनी आणि अवघ्या १८ टक्के बायकांनी ओळखलं. करत नसेल तेव्हा ‘नाही’ म्हणण्यात मात्र ८० टक्क्यांहून जास्त लोक बरोबर निघाले. मला यात नवल वाटत नाही. चुकून ‘हो’ धरलं तर नाचक्की, चुकून ‘नाही’ धरलं तर कुणाला पत्ता लागत नाही. आमच्याकडं तर नाचक्की गल्लीभर होते.

आता खुणांकडं येऊ. हसू ही सगळ्यात जुनी खूण. मीही त्या दिवशी तीच मोजत बसले होते, आणि मुलगा फारसा हसला नाही म्हणून नाराज होते. नेदरलँड्समध्ये एलिश्का प्रोहाजकोव्हा आणि मारिस्का क्रेट यांनी अनोळखी जोड्यांना एका केबिनमध्ये समोरासमोर बसवलं. डोळ्यांवर नजर टिपणारे चष्मे, अंगाला हृदयाचे ठोके आणि तळहाताचा घाम मोजणारी उपकरणं. काही मिनिटं बोलायचं, काही मिनिटं न बोलता नुसतं बघायचं. हसणं, खिदळणं, नजरानजर, एकमेकांची नक्कल यांतल्या कशाचाही ओढीशी ठोस संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो दोघांच्या ठोक्यांच्या आणि घामाच्या तालाचा. एकाचे ठोके वाढले की दुसऱ्याचे वाढायचे, एकाचे उतरले की दुसऱ्याचेही. २०२२ चा हा अभ्यास वाचायला मोठा गोड आहे, पण हॉटेलात त्याचा उपयोग शून्य. नाडी धरून कोण बसणार?

‘भेट किती वेळ चालली’ हीसुद्धा आवडती खूण. आईनं फोनवर पहिलं तेच विचारलं. अमेरिकेत शेकडो संभाषणं तपासून २०२१ मध्ये दाखवलं गेलं की दोघांच्याही मनाजोग्या वेळी संपणाऱ्या गप्पा शंभरात जेमतेम दोन. कुणाला आधी उठायचं असतं, कुणाला अजून बसायचं असतं, आणि भिडेपोटी दोघंही ते लपवतात. आमची दीड तासाची भेट तर एसटीच्या वेळापत्रकानं ठरवलेली.

मला सगळ्यात पटलेली खूण वेगळीच आहे. एकाचं बोलणं संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचा वेळ. जगातल्या अगदी वेगवेगळ्या दहा भाषांमधले प्रश्न आणि उत्तरं २००९ साली तपासली गेली. उत्तराआधीचं अंतर सरासरी साधारण २०० मिलिसेकंद निघालं, सेकंदाचा पाचवा भाग. भाषेभाषेत थोडा फरक, पण घडी तीच. गंमत अशी की चित्र बघून त्याचं नाव उच्चारायला मेंदूला ६०० मिलिसेकंद लागतात. मग २०० मध्ये अख्खं उत्तर कसं येतं? कारण समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच आपण त्याचा शेवट ताडतो आणि उत्तर जुळवायला घेतो. भजनात टाळकरी मृदंगाची समेची थाप पडण्याची वाट बघत नाही, ती येणार हे त्याला आधीच माहीत असतं, तसंच हे. आणि त्यासाठी ध्यान पुरतं समोरच्याकडं हवं, अर्धं मोबाईलकडं ठेवून चालत नाही.

डार्टमथ कॉलेजातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये याची सांगड जवळिकीशी घातली. समोरचा जितक्या झटक्यात उत्तर देत होता, तितकं बोलणाऱ्याला ‘आमचं जुळतंय’ असं वाटत होतं. त्यांनी आणखी एक केलं. तेच संभाषण ध्वनिमुद्रणात कापून-जोडून मधली अंतरं कमी-जास्त केली आणि तिऱ्हाइतांना ऐकवलं. शब्द तेच, पण अंतर कमी असलेल्या जोडीचं जास्त जुळलंय असं ऐकणाऱ्यांना वाटलं. मावशीच्या कानानं तरी दुसरं काय केलं होतं? ही खूण खोटी करणं अवघड आहे. हसू आणता येतं, पण सेकंदाच्या पाचव्या भागात ठरवून नाटक करायला वेळच नसतो.

इथं सीमाभागातल्यांनी एक पथ्य पाळावं. मुलगा मराठीत उत्तर द्यायला थांबला, तर तो कंटाळला असेलच असं नाही, शब्द शोधत असेल. पहिली पाच मिनिटं, मराठी चालू असताना, तो प्रत्येक वाक्याआधी अडखळत होता. कन्नड सुरू झालं आणि त्याची गाडी रुळावर आली. भाषा बदलल्यावर अंतर कमी झालं का, हे बघायचं.

गप्प राहण्याचंही तसंच. हॉटेलकडं चालत येताना दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ फाटक पडलं होतं. मालगाडी जाईपर्यंत दोघं अवाक्षर न बोलता उभी. बहिणीनं तेही अपशकुनात जमा केलं. डार्टमथच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं की लांबलेली शांतता अनोळखी माणसांना खुपते, मित्रांना खुपत नाही. त्यामुळं पहिल्या भेटीतली शांतता एवढंच सांगते की माणसं अजून अनोळखी आहेत. शिवाय मालगाडी धडधडत असताना कोण कुणाला काय सांगणार?

राहिलं ‘मुंद’. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रश्नांचे प्रकार पाडले. ‘तुम्ही कुठं काम करता?’ हा कुणालाही विचारता येतो. ‘आणि तुम्ही?’ हा चेंडू नुसता परत टोलवणं. समोरच्यानं आत्ताच जे सांगितलं त्याचंच शेपूट धरून विचारलेला प्रश्न हा खरा, कारण तो ऐकल्याशिवाय सुचत नाही. असे प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडली, आणि स्पीड डेटिंगमध्ये पुन्हा भेटायचे होकारही त्यांना जास्त मिळाले. ‘मुंद एनातु?’ हा असल्या प्रश्नांमधला सगळ्यात आखूड.

इतक्या खुणा झाल्यावर कुणाला वाटेल, मग आधीच सगळं मांडून जोड्या लावाव्यात. तेही करून झालंय. समांथा जोएल यांच्या गटानं २०१७ मध्ये स्पीड डेटिंगला आलेल्यांच्या स्वभावाची, आवडीनिवडीची शंभरहून जास्त उत्तरं संगणकाला पुरवली. कोण सगळ्यांना आवडेल आणि कुणाला बरेच जण आवडतील, हे संगणकाला थोडंफार सांगता आलं. या माणसाचं याच माणसाशी खास जुळेल का, हे अजिबात नाही. आमच्या जोडीचे छत्तीसपैकी सत्तावीस गुण जुळले होते, ते पाकीट आई अजून देव्हाऱ्यात ठेवते. मी काही बोलत नाही.

चार दिवसांनी मध्यस्थांमार्फत निरोप आला. मुलाकडून होकार नव्हता, प्रश्न होता. मुलगी काही बोलली का? त्याला वाटत होतं, आपण गप्प बसलो म्हणून ती नाराज झाली. मी पैज जिंकले, पण लावायला कुणी नव्हतं.

दुसरी भेट त्यानंच सुचवली, गोकाकच्या धबधब्यावर. जुलै महिना, घटप्रभा भरून वाहणारी, आणि वर झुलता पूल. मला लगेच डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांचा १९७४ चा प्रयोग आठवला. कॅनडात व्हँकूवरजवळच्या कॅपिलानो नदीवर ७० मीटर उंचीवर हलणारा पूल आहे. तिथं एका तरुणीनं पूल ओलांडणाऱ्या पुरुषांची मुलाखत घेतली आणि आपला फोन नंबर दिला. नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. जवळच्याच बुटक्या, भक्कम पुलावर १६ पैकी फक्त २. भीतीनं वाढलेली धडधड त्यांनी तरुणीच्या खात्यावर मांडली, असा अर्थ लावला गेला. हलत्या पुलावर जाणारे मुळातच धाडसी असतील, असा आक्षेपही घेतला गेला, आणि तो अगदीच पोकळ नाही.

मी मावशीला फोन करून हे सगळं सांगितलं. पुलावर काही दिसलं तरी ते मोजू नकोस, म्हटलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

‘पूल पावसात बंद बी असंल,’ ती म्हणाली. ‘मुंद?’