'भावना दुखावल्या'चं कलम आलं कुठून?

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मंडळाला दर गणपतीत पोलिसांकडून नोटीस येते. सगळे तिला '१४९ची नोटीस' म्हणतात, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९खाली द्यायची नोटीस. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो आकडा १६८ झाला, लोकांच्या तोंडी मात्र जुनाच आहे. देखावा, फलक किंवा घोषणेमुळं कुणाच्या धार्मिक भावना दुखावल्या तर मंडळ जबाबदार, अशी त्यात एक ओळ असते. अध्यक्ष सही करतो आणि वादाचा विषय बैठकीत निघतच नाही.

या ओळीचं मूळ ब्रिटिशांच्या दंडविधानात आहे. प्रत्येकाला आपला धर्म पाळू द्यावा, पण दुसऱ्याच्या धर्माचा अपमान करू देऊ नये, हे मेकॉलेच्या १८३७च्या मसुद्याचं सूत्र. १८६०च्या कायद्यात कलम २९६ आलं: चालू पूजेत किंवा धार्मिक मेळाव्यात मुद्दाम व्यत्यय आणला तर एक वर्षापर्यंत कैद. २९८ होतं समोरच्याचं मन दुखवायचं ठरवून बोलणाऱ्यासाठी. दोन्हीकडं हेतू पाहिला जाई. छापील टीकेसाठी वेगळं कलम नव्हतं.

ती उणीव लाहोरात उघडी पडली. पैगंबरांवरच्या एका पुस्तिकेच्या प्रकाशकाला १९२७मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. लोक खवळले आणि त्याच वर्षी, धर्माचा अपमान करून भावना दुखवणाऱ्यासाठी, २९५-अ हे नवं कलम आलं. दोन वर्षांनी त्या प्रकाशकाचा खून झाला. विधेयकावर बोलताना जिनांनी आग्रह धरला होता की इतिहास लिहिणारे, सत्य शोधणारे आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे यांना संरक्षण हवंच. कलमात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं' ही अट आहे. १९५७मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कलम वैध ठरवलं, तेही याच अटीवर बोट ठेवून.

सत्य शोधणारी माणसं साताऱ्याला परकी नाहीत. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. गेल्या शतकाच्या सुरुवातीला या जिल्ह्यात सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले. साचा तमाशाचाच, तोच गण, तीच गवळण. पण बतावणीत भटभिक्षुकीची उलटतपासणी आणि वगात सावकारी, कर्ज काढून केलेली लग्नं, शाळेविना राहिलेली पोरं. हे ऐकून कुणीतरी दुखावलं असणारच. न दुखावता ते काम झालंच नसतं, असं मला ठामपणे वाटतं. साताऱ्याच्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या जादूटोणाविरोधी कायद्यालाही श्रद्धेवर घाला म्हणून वर्षानुवर्षं विरोध झाला. २० ऑगस्ट २०१३ला त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला.

भीती खोटी आहे असं मात्र म्हणता येत नाही. २००९च्या गणेशोत्सवात मिरजेत अफजलखान वधाच्या कमानीवरून दंगल पेटली, संचारबंदी लागली. सप्टेंबर २०२३मध्ये सातारा जिल्ह्यातल्याच पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह मजकुराचं निमित्त झालं. जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. मजकूर लिहिणाऱ्याचा गुन्हा एक आणि चालून जाणाऱ्यांचा दुसरा, हा फरक अशा वेळी गावात कुणी बोलूनही दाखवत नाही.

१ जुलै २०२४पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. २९५-अचं २९९ झालं, २९६चं ३००, २९८चं ३०२. २९९मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांची भर पडली. दुष्ट हेतूची अट मात्र जशीच्या तशी राहिली.

यंदाची नोटीस मी दोनदा वाचली. 'हेतू' हा शब्द तिच्यात कुठंच नव्हता.