खोक्यावरचं नाव आणि आतली चिप

लिनक्ससाठी साउंड कार्ड घेताना 'कम्पॅटिबल आहे का?' हा प्रश्न आजही पहिला येतो. मुळात हा शब्द लिनक्ससाठी नव्हताच. नव्वदीच्या सुरुवातीला खोक्यावर 'साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल' छापलेलं असे, म्हणजे डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममधले गेम ते कार्ड क्रिएटिव्ह कंपनीच्या साउंड ब्लास्टरसारखं ओळखतील, एवढंच. गेम कार्डाला शोधत ती ठरलेली सेटिंग अशी: पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १. त्यातली काही कार्डं डॉसमधला त्यांचा प्रोग्राम चालवल्याशिवाय त्या मोडमध्ये जातच नसत. मग लोक आधी डॉस सुरू करत, कार्डाला जाग आणत आणि तिथूनच लोडलिन या डॉसमधून लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामने लिनक्समध्ये शिरत.

१९९८ मध्ये साउंड ब्लास्टर लाइव्ह आलं आणि पुढच्याच वर्षी उत्पादकाने त्याच्या ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्स खुला केला. त्यातली ईएमयू१०के१ चिप अनेक आवाज स्वतःच मिसळत असे. याची किंमत मदरबोर्डवरच्याच स्वस्त एसी'९७ ध्वनी-चिपवर भागवणाऱ्यांना कळायची: गाणं चालू असताना दुसरा प्रोग्राम आवाज मागायला गेला की 'डिव्हाइस बिझी'. म्हणून 'लाइव्ह घ्या' हा सल्ला तेव्हा सर्रास दिला जाई.

घोळ झाला तो इथेच. पुढे 'लाइव्ह २४-बिट' नावाचं कार्ड निघालं, त्यात ईएमयू१०के१ नव्हतीच, सीए०१०६ होती. खोक्यावर तेच घराणं, आत परकी चिप, ड्रायव्हरही निराळा. आवाज यायचा, पण ज्यासाठी पैसे मोजले ते हार्डवेअर मिक्सिंग गायब. एलएसपीसीआय या संगणकातली कार्डं दाखवणाऱ्या कमांडच्या यादीत ११०२:०००२ हा क्रमांक दिसला तर जुनं लाइव्ह, ११०२:०००७ दिसला तर हे दुसरं. जुना माल घेताना खोक्यापेक्षा चिपवरची अक्षरं वाचणारा गिऱ्हाईक शहाणा.

त्याच सुमारास कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, आवाजाची जुनी ड्रायव्हर-व्यवस्था ओएसएस बाजूला सारून आल्सा ही नवी स्वीकारली. डिसेंबर २००३ च्या कर्नल २.६ पासून तीच अधिकृत. ओएसएसची पुढची आवृत्ती बंदिस्त, विकाऊ झाली होती, त्यामुळे निर्णय समजण्याजोगा होता. त्याचा भुर्दंड मात्र वापरणाऱ्यांवर पडला. आवाज मिसळायला आल्साचं डीमिक्स होतं, पण ते सुरू करण्यासाठी अनेकांना कॉन्फिग फायलीतले कंस मोजत बसावं लागलं. ओएसएसचा सोर्स २००७ मध्ये पुन्हा खुला झाला, तोवर गाडी निघून गेली होती.

साउंड ब्लास्टरच्याच पुढच्या एक्स-फाय कार्डाची गोष्ट तर उलटीच. कार्ड २००५ चं, महागडं. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला २००९ मध्ये, २.६.३१ बरोबर. नवं आणि महाग म्हणजे चांगलं, हा हिशेब लिनक्सवर तेव्हा सपशेल चुकत असे.

नंतर पल्सऑडिओ हा आवाज मिसळणारा प्रोग्राम आणि २०२१ पासून फेडोरा या लिनक्सच्या वितरणात त्याच्या जागी पाइपवायर आल्यावर मिसळण्याचं काम सॉफ्टवेअरकडे गेलं आणि लाइव्हचा तो तोरा संपला. आता बहुतेकांना मदरबोर्डवरचा एचडी ऑडिओ पुरतो. ज्यांना रेकॉर्डिंग करायचंय ते यूएसबी इंटरफेस घेतात. तिथे विचारायचा शब्द 'क्लास कम्प्लायंट', म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा. त्यातही गोम आहे: आवाज लगेच सुरू होतो, पण काही इंटरफेसमध्ये कुठला इनपुट कुठे जोडायचा हे ठरवणारं पॅनेल फक्त विंडोज आणि मॅकसाठीच दिलेलं असतं.