दादा, टोळी आणि बघे

दादागिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वर्गातला एकच धटिंगण येतो. या विषयाचा अभ्यास मात्र सुरू झाला टोळीपासून. १९६९ साली स्वीडनमधले डॉक्टर पेटर-पाउल हायनेमान यांनी मुलांनी मिळून एकाला छळण्याला ‘मॉबिंग’ हे नाव रूढ केलं. त्यांच्या कृष्णवर्णीय दत्तक मुलाला होणारा त्रास त्यांनी जवळून पाहिला होता. शब्द आला प्राणिवर्तनाच्या अभ्यासातून: कावळे जमून घुबडाच्या मागे लागतात, तसं.

मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांना हे पटलं नाही. सगळा जमाव दोषी ठरवला की जबाबदार कुणीच राहत नाही, आणि पुढाकार तर बहुतेकदा त्याच दोन-तीन मुलांचा असतो. १९७३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. हेतुपुरस्सर, वारंवार आणि ताकदीत तफावत असताना दिलेला त्रास, ही आजही वापरात असलेली व्याख्या मुख्यतः त्यांचीच. तरी नॉर्वेचं सरकार हललं ते १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्यावर. १९८३ मध्ये देशभर मोहीम निघाली. दांडगट मूल आतून घाबरट, न्यूनगंडाने पछाडलेलं असतं, ही लाडकी समजूतही ओल्वेउस यांना आपल्या पाहणीत खरी ठरताना दिसली नाही.

मग ते मिरवतं कशाच्या जोरावर? याचं उत्तर वेगळ्याच वाटेवर सापडलं. कोण कुणाला आवडतं हे मुलांनाच विचारून वर्गाचा नकाशा काढायची रीत मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३४ च्या पुस्तकात मांडली होती. कितीतरी वर्षं ‘लोकप्रिय’ म्हणजे ‘आवडता’ असंच धरलं गेलं. पण ‘वर्गात कुणाची चलती आहे?’ असं थेट विचारलं, तर नावं बदलतात. १९९८ मध्ये पार्कहर्स्ट आणि हॉपमायर या संशोधकांनी हा फरक नेमका दाखवला: ज्यांची चलती, त्यांतले बरेचजण फारसे आवडते नव्हते. वचक होता, जवळीक नव्हती. शाळेत गेलेल्या कुणालाही हे सांगायला संशोधक लागू नये, पण लागला.

फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी त्याआधीच, १९९६ मध्ये, हसणारे, दादाला साथ देणारे, छळ होणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणारे, गुपचूप सटकणारे असे सगळ्यांचे वाटे मोजले होते. टोळी परत आली, पण आता तिच्यात प्रत्येकाचं काम वेगळं होतं. त्यांच्याच ‘किवा’ या शाळांतल्या दादागिरीविरोधी कार्यक्रमात, जो २००९ पासून फिनलंडभर पसरला, शिक्षक वर्गात वजन असलेली दोन-चार समंजस मुलं हेरतात आणि छळ होणाऱ्याला सोबत करायला त्यांनाच सांगतात.