काळ्या पडद्यामागची बीप

फेब्रुवारीतली गोष्ट. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयानं वर्गणी गोळा करून नवा डेस्कटॉप घेतला. नागपुरात घेतलेला तो डबा, कळमन्याच्या बाजारात संत्री उतरवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून गावात आला. संध्याकाळी नारळ फुटला, बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला. आतून मात्र एक लांब आवाज, थोडी उसंत, पुन्हा तसाच लांब आवाज. वाचनालय सांभाळणाऱ्या पोरानं मला फोन लावला, "सर, येता का जरा? नवा कॉम्प्युटर बोंबलून राह्यला. दुरुस्तीवाला म्हंते विंडोज उडालं, फॉर्मॅट मारा लागन."

मी त्याला म्हटलं, फॉर्मॅटचं राहू दे, आधी फोन त्या डब्याजवळ धर. फोनवरून मी आवाज मोजले. सगळे लांब, सारख्या अंतरानं. त्यात विंडोजचा काही संबंध नव्हता, कारण तो आवाज येतो तेव्हा विंडोज अजून डिस्कवर झोपलेली असते. तिला उठवणारं कोणी जागं झालेलं नसतं.

हा गैरसमज मी गेली कित्येक वर्षं गावोगाव ऐकतो आहे. कॉम्प्युटर वाजला की व्हायरस, वाजला की फॉर्मॅट. म्हणून बटण दाबल्यापासून पहिली बीप येईपर्यंत त्या डब्यात काय घडतं ते नीट सांगावंसं वाटलं. मला स्वतःला सबंध कॉम्प्युटरमध्ये हेच दोन-तीन सेकंद सगळ्यात सुंदर वाटतात.

बटण दाबलं की आधी जागा होतो वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस. तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू करतो. पण सुरू केले म्हणजे लगेच स्थिर झाले असं नाही. विहिरीवरची मोटर चालू केली की पाइपातून आधी हवा आणि गढूळ पाणी येतं, मग धार लागते, तसंच. धार लागेपर्यंत प्रोसेसरला मुद्दाम दाबून धरलेलं असतं. पुरवठे ठीक झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांच्या आत एसएमपीएस एका वेगळ्या तारेवरून इशारा देतो आणि मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मोठी पाटी, प्रोसेसरला सोडते.

सुटलेल्या प्रोसेसरला काहीच माहीत नसतं. त्याला फक्त एक पत्ता पाठ असतो. १९७८ साली आलेल्या इंटेलच्या ८०८६ या प्रोसेसरला १० लाख ४८ हजार ५७६ बाइट दिसत, आणि पहिली आज्ञा तो त्या हद्दीच्या शेवटापासून १६ बाइट अलीकडे शोधायचा. आजचा प्रोसेसर ती चार जीबीच्या हद्दीपासून १६ बाइट अलीकडे शोधतो. हद्द सरकली, सोळाची सवय तशीच राहिली. त्या १६ बाइटांत "अमुक ठिकाणी जा" एवढंच लिहिलेलं असतं, आणि ते ठिकाण मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतं. तिथे बायोस राहते, म्हणजे मशीन जागं करणारा पहिला प्रोग्राम. हल्ली तिची जागा यूईएफआय नावाच्या नव्या प्रोग्रामनं घेतली आहे, पण लोक बायोसच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आता खरी अडचण. प्रोसेसर आज्ञा वाचायला लागला, पण लिहिणार कुठे? आपण म्हणू, रॅम, म्हणजे कामापुरतं लिहायची मेमरी, आहे ना. रॅम खाचेत बसलेली असते हे खरं, पण या क्षणी ती वापरता येत नाही. का, ते समजायला रॅमच्या आत डोकवावं लागतं.

रॅममधला एकेक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर आणि त्याच्या दाराशी एक ट्रान्झिस्टर. ही कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६८ सालचं पेटंट. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०. पण हा रांजण पाझरतो. सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक रांजण तपासून पुन्हा भरावा लागतो, नाही तर साठवलेलं सगळं वाहून जातं. हे भरण्याचं काम रॅम आपणहून सुरू करत नाही. मेमरी कंट्रोलरनं, म्हणजे रॅम सांभाळणाऱ्या भागानं, तिला ते सांगावं लागतं. आणि सांगायच्या आधी समोर कोणती रॅम आहे, किती जीबीची, कोणत्या वेगाची, हे त्याला कळायला हवं. त्यासाठी रॅमच्या पट्टीवर एक इवलीशी चिप असते. त्या चिपमध्ये पट्टीची सगळी कुंडली लिहिलेली असते, आणि बायोस ती दोन बारीक तारांवरून वाचते.

कुंडली जुळली तरी भागत नाही. डीडीआर४ या पिढीची रॅम ३२०० च्या वेगानं, म्हणजे एका तारेवर सेकंदाला ३२० कोटी बिट अशी चालते, तेव्हा त्या तारेवर एक बिट फक्त ३१२.५ पिकोसेकंद टिकतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटी भागांतला एक. एवढ्या वेळात प्रकाश निर्वात पोकळीत साधारण ९.४ सेंटिमीटर जातो. मदरबोर्डच्या तांब्याच्या रेषांवरून विजेचा संकेत त्याच्या जवळपास निम्म्या वेगानं जातो, म्हणजे पाचएक सेंटिमीटर, फार तर आपल्या दोन बोटांची पेरं. आता विचार करा, एक रेष दुसरीपेक्षा अर्धा सेंटिमीटर लांब असली तरी तिचा बिट एक दशांश वेळ उशिरा पोचतो. म्हणून कंट्रोलर प्रत्येक रेषेवर ओळखीचे नमुने पाठवतो, परत वाचतो, वेळ केसभर पुढेमागे सरकवतो, पुन्हा वाचतो, आणि कुठे नेमकं वाचता येतं ते ठरवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. बैलजोडी पहिल्यांदा जुंपल्यावर पावलं जुळेपर्यंत नांगर सरळ चालत नाही, तसंच हे.

आणि हे सगळं करणारा प्रोग्राम रॅमशिवाय चालतो! मला हे कळलं त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत जागा होतो. हिशेब ठेवायला वही नाही आणि वही बनवण्याचाच हिशेब ठेवायचा आहे. आमच्याकडे कापूस वेचून झाल्यावर बांधावर मोजमाप चालतं तेव्हा वही घरी राहिली असली तर मोजणारा तळहातावर पेनानं आकडे लिहितो. प्रोसेसरही आधी तेच करतो. त्याच्या आत रजिस्टर नावाच्या मोजक्या जागा असतात, तोच त्याचा तळहात. तळहात पुरेना झाला की तो दुसरी युक्ती काढतो. प्रोसेसरच्या पोटात कॅश नावाची जलद मेमरी असते. तिचं नेहमीचं काम रॅममधल्या गोष्टींची प्रत जवळ ठेवणं. पण इथे रॅमच नाही, तर बायोस त्या कॅशला काही काळ रॅमचं सोंग घ्यायला लावते आणि तिच्यावर पाटीसारखं लिहिते. खरी रॅम तयार झाली की पाटीवरचं तिकडे उतरवून कॅश मोकळी करते. इंटेलच्या प्रोसेसरवर हे असं चालतं. एएमडीच्या अलीकडच्या प्रोसेसरांत रॅम तयार करण्याचं काम आत बसवलेला एक वेगळा छोटा प्रोसेसर आधीच उरकतो.

आता बीपकडे या. समजा रॅम सापडलीच नाही. बायोसला हे कोणाला तरी सांगायचं आहे. पडद्यावर लिहायचं तर त्या आधीच्या पायऱ्या पूर्ण व्हायला हव्यात, आणि त्या तर अडल्या आहेत. मग उरतं ते एकच साधन, ज्याला ना रॅम लागते ना पडदा: स्पीकर. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीत इंटेलची ८२५३ ही टायमर चिप होती. तिला सेकंदाला ११,९३,१८२ ठोके मिळत. तिला एक आकडा सांगायचा, समजा १३३१, की ती तेवढे ठोके मोजून स्पीकरला एक हेलकावा देते. भागून पाहा, सेकंदाला सुमारे ८९६ हेलकावे होतात. हाच त्या पीसीच्या बीपचा सूर. आकडा एकदा दिला की चिप आपली आपण वाजत राहते. बीप लांब हवी की आखूड, यासाठी प्रोसेसर नुसता आपल्या रजिस्टरमध्ये उलटे आकडे मोजत बसतो आणि मोजून झाले की स्पीकर बंद करतो.

हा ११,९३,१८२ असा विचित्र आकडा कुठून आला? त्या पीसीत ठोके देणारा १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता. अमेरिकन रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताची वारंवारता ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ, तिची चौपट म्हणजे हा स्फटिक. पीसी रंगीत टीव्हीला जोडता यावा म्हणून तो निवडला होता. त्याला ३ नं भागलं की प्रोसेसरचा ४.७७ मेगाहर्ट्झचा वेग, १२ नं भागलं की टायमरचे ठोके. आजच्या मदरबोर्डवर ती चिप वेगळी दिसत नाही, पण चिपसेट नावाच्या मोठ्या चिपमध्ये तिची नक्कल अजून आहे आणि ठोके तेच आहेत.

बीपांचा अर्थ मात्र कंपनीगणिक बदलतो. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स कार्डाची तक्रार. असूसच्या बऱ्याच मदरबोर्डांत तीच खूण म्हणजे मेमरी सापडली नाही. जुन्या एएमआय बायोसमध्ये तीन आखूड म्हणजे मेमरीच्या पहिल्या ६४ केबीत दोष, आठ म्हणजे पडद्याच्या मेमरीत. एकच आखूड बीप होऊन पडदा उजळला तर बहुतेक ठिकाणी सगळं ठीक आहे. म्हणून कोणाचा तरी व्हॉट्सॲपवर आलेला तक्ता वापरू नका. आपल्या मदरबोर्डच्या पुस्तिकेतला तक्ता पाहा. आमच्या डब्याच्या सारख्या अंतरानं येणाऱ्या लांब बीपा रॅमकडेच बोट दाखवत होत्या.

वाचनालयात पोचलो तेव्हा चार-पाच मंडळी जमली होती. एका आजोबांनी सांगितलं, मशीन अमावास्येला आणलं म्हणून रडतं, लिंबू-मिरची बांधा. नवी वस्तू घरात आली की पूजा करावी असं वाटणं मी समजू शकतो, माझ्या घरीही करतात. पण दोष तिथीत शोधला की पट्टीतला दोष तसाच राहतो आणि दिवस वाया जातात. आणि "फॉर्मॅट मारा" हा सल्लाही मला तसाच वाटतो. मूळ कारण न पाहता केलेला तोडगा, मग तो लिंबाचा असो की पेन ड्राइव्हचा. वापरातल्या मशीनवर तर त्यात गावातल्या मुलांनी भरलेले अर्ज आणि फोटो पुसले जातात ते वेगळंच.

मी प्लग काढला, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून गेली. मग कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावला. आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते आणि तिचा चटका चिपला पुरेसा असतो. बाजूचं झाकण काढलं. रॅमच्या एका टोकाची खटकी उभी होती, दुसऱ्या टोकाची बाहेर पडलेली. पट्टी केवळ दीड-दोन मिलिमीटर तिरकी. डीडीआर४ च्या पट्टीला २८८ सोनेरी दाते असतात, एकमेकांपासून ०.८५ मिलिमीटरवर. टेम्पोच्या खड्ड्यांनी एवढं तिरकं केलं की काही दाते खाचेला टेकतच नाहीत.

पट्टी काढून त्या पोराच्या हातात दिली. म्हटलं, पट्टीतली खाच जुळव, दोन्ही टोकांवर अंगठे ठेव आणि सरळ खाली दाब. त्याला भीती वाटत होती, मोडेल म्हणून. "जोर लाव, टक् वाजलं पाह्यजे." दोन्ही खटक्या आपोआप मिटल्या. तो रबर काढून दाते घासायला निघाला होता, दुरुस्तीवाले करतात तसं. नव्या पट्टीला ते करू नये. सोन्याचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो.

प्लग लावला. एक आखूड बीप, आणि पडदा उजळला.

काही गोष्टी जाता जाता. आवाज डब्यातूनच येतो का ते आधी ऐका. लाइट गेल्यावर यूपीएस ओरडतो आणि लोक डबा उघडून बसतात. कीबोर्डवर वही पडून एखादं बटण दाबलेलं राहिलं तरी बीपा येतात. नव्या मदरबोर्डवर स्पीकर नसतोच असं बऱ्याचदा दिसतं. त्याऐवजी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरुवात) असे चार छोटे दिवे असतात, आणि जो पेटून राहतो तिथे गाडी अडली आहे. स्पीकर हवा असेल तर चार छिद्रांच्या टोपीचा मिळतो, तो मदरबोर्डवरच्या स्पीकरच्या पिनांना लावायचा. आणि डीडीआर५ चं मशीन पहिल्यांदा चालू करत असाल तर मेमरी ट्रेनिंगला काही मिनिटं लागू शकतात. पडदा काळा, आवाज नाही, तरी मध्येच बंद करू नका. पुढच्या वेळी ते जुळवलेले आकडे साठवलेले असतात.

पट्टी नीट बसवूनही लांब बीपा थांबल्या नाहीत, दुसऱ्या खाचेत लावूनही थांबल्या नाहीत, तर वॉरंटी आहे. बिल आणि खोकं जपून ठेवा. बीपा मोबाइलवर रेकॉर्ड करून विकणाऱ्याला ऐकवा. प्रोसेसरला हात लावू नका.

मागच्या आठवड्यात वाचनालयात गेलो तेव्हा मॉनिटरच्या मागे भिंतीवर पोरानं पुस्तिकेतून उतरवलेला कागद चिकटवला होता. वर लिहिलं होतं, "वाजला तर आधी मोजा. मग सरले फोन करा."